काळा बुंधा नेमका कोणता?

मित्रांनो, मी एक जुना बुंधा आहे. जुना, जळका आणि काळा. यातला ‘काळा’ हा शब्द मी जरा ठासून सांगतो, कारण सगळं भांडण त्याच शब्दावरून झालं. टालगारा नावाच्या गावाला दुसरा एक बुंधा आहे. त्याच्याविषयी पुढे येईलच. त्याचं नाव काढल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही, हेच तर माझं दुखणं आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी झाड म्हणून मेलो त्याला किती उन्हाळे लोटले, तरी ही हेव्याची खोड माझ्यातून गेलेली नाही.

मी ज्या ओढ्याच्या काठावर आहे, त्यात वर्षाचे बहुतेक दिवस वाळूच असते. पाणी असतं ते वाळूच्या खाली, आणि आम्हा कूलिबा झाडांच्या मुळांना ते बरोबर सापडतं. कूलिबा म्हणजे तुमच्या निलगिरीचा भाऊबंद. निलगिरी सरळ वाढते, आम्ही वाकडेतिकडे वाढतो. पण आमचं लाकूड लोखंडासारखं. या ओढ्याला ज्यांनी सगळ्यात आधी नाव दिलं, त्या लोकांनी माझ्या अंगाची साल लांबट सोलून तिची परात केली होती. त्यांनी घेतली ती बेतानेच घेतली. घाव भरून आला आणि मी वाढत राहिलो. माझ्या ढोलीत गुलाबी पोटाच्या गलाह पोपटांची पिल्लं मोठी झाली. दिवसभर नुसता कलकलाट. पण तेव्हा मी त्यांचा हेवा करत नव्हतो. ते नंतर सुरू झालं.

मग मेंढ्या आल्या, मेंढ्यांमागे लोकर आली, आणि लोकरीच्या गाठी वाहणाऱ्या बैलगाड्या आल्या. अशाच एका गाडीचा आस ओढ्याच्या वाळूत मोडला. गाडीवानाने इकडेतिकडे पाहिलं. पाहण्यासारखा मी एकटाच होतो. दोन दिवस कुऱ्हाड चालली. माझ्या खोडाचा आस झाला, गाडी निघून गेली आणि कमरेएवढा मी मागे राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लागली ती माझ्यावरून गेली. तेव्हापासून मी काळा.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की झाडाचा बुंधा झाला, बुंध्याचा कोळसा झाला, आता याचं काय उरलं? पण माझे खरे कामाचे दिवस इथूनच सुरू झाले. आमचं माळरान तव्यासारखं सपाट आहे. डोंगर नाही, देऊळ नाही, मनोरा नाही. वाट चुकलेल्याला पाणी मिळालं नाही तर तो मरायचा. अशा ठिकाणी पिवळ्या गवतात काळा ठिपका लांबून दिसतो. गाडीवान एकमेकांना सांगू लागले, “काळ्या बुंध्यापाशी डावीकडे वळ, मग पाणी.” माझ्यावर भरवसा ठेवून माणसं वळायची, आणि पाण्यापाशी पोचायची. ते माझ्यापाशी थांबून पत्र्याच्या डब्यात चहा उकळायचे, निखाऱ्यात भाजलेली जाड भाकर मोडायचे, आणि माझ्यावर बसायचे.

बैल गेले, मोटारी आल्या. मग कुणीतरी माझ्या एका कडेला, बसायची जागा सोडून, एक रिकामं पिंप आडवं धरून खिळ्यांनी ठोकलं. ती आमची टपालपेटी. पलीकडच्या मेंढवाड्यांची पत्रं, पीठ, औषधं, वर्तमानपत्रं दर गुरुवारी त्या पिंपात यायची. घेऊन यायचा क्लॅरी नूनन, त्याच्या खडखडणाऱ्या ट्रकमधून. आणि न्यायला यायची एनिड ट्रेगीअर.

एनिड नवी नवरी म्हणून आली ती माझ्यावरच पहिल्यांदा बसली होती. क्लॅरीच्या आधीच्या टपालवाल्याने तिला तिच्या ट्रंकेसकट इथे उतरवलं, आणि नवरा गाडी घेऊन येईपर्यंत ती दुपारभर माझ्यावर बसून राहिली. रडली नाही. टोपीने माश्या हाकलत होती. तिचं घर इथून पश्चिमेला वीसेक मैल. पुढे तिचा नवरा विल गेला, गडीमाणसं शहराकडे गेली, आणि त्या घरात एनिड, मेंढ्या आणि एक बहिरा कुत्रा एवढेच उरले. आठवड्यातून जे काही बोलायचं ते ती गुरुवारी माझ्यापाशी बोलायची. लिफाफ्यांवरचे पत्ते मोठ्याने वाचायची तिला सवय होती. मी थोडीफार अक्षरं शिकलो ती तशीच, उतारवयात, तिच्या बोटाखालून.

क्लॅरीला शब्दांचा भारी नाद. कुठला शब्द कुठून आला हे सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने जांभई दिली तरी सांगायचं.

“एनिड, फर्फी म्हणजे काय सांग.”

“अफवा.”

“ते शेंबडं पोरही सांगेल. पण अफवेला फर्फी का म्हणतात?”

“तू पसरवतोस म्हणून.”

“ऐक तर. मी युद्धात होतो तेव्हा आमच्या छावणीत पाण्याची गाडी यायची. टाकीवर बनवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत, फर्फी. पाणी भरायला सगळे तिथे जमायचे आणि तिथेच बातम्या पिकायच्या. उद्या घरी सोडणार, परवा पगार वाढणार. एकही खरी नाही. मग असली बातमी आली की आम्ही म्हणायचो, ही फर्फी आहे.”

“म्हणजे गाडीने पाणी वाहिलं आणि नाव खराब करून घेतलं,” एनिड म्हणाली. “चहा ओत.”

मला मात्र तसं वाटलं नाही. पाण्याची गाडी! चार चाकंसुद्धा नाहीत धड, आणि तिचं नाव लाखो माणसांच्या तोंडी! पुढच्या गुरुवारी क्लॅरीने घोड्याची गोष्ट सांगितली. ड्राँगो नावाचा घोडा म्हणे शर्यतीमागून शर्यत धावला आणि एकही जिंकला नाही. तेव्हापासून आमच्याकडे बिनडोक माणसाला ड्राँगो म्हणतात. त्याच्या पुढच्या गुरुवारी गलाहची पाळी आली. वेड्यासारखं वागणाऱ्याला ‘अरे गलाह’ म्हणतात ते या पोपटांवरून. ज्यांची अंडी मी उबेत ठेवली, ते पोपट भाषेत जाऊन बसले! हरलेला घोडा जाऊन बसला! आणि ज्याने तहानलेल्या माणसांना वाट दाखवली, तो मी माळावर माश्या मोजत होतो. हेव्याने माझ्या आतल्या वाळवीलाही कडू लागलं असेल.

आणि मग एके दिवशी माझं नशीब उघडलं. मेंढ्यांची औषधं विकणारा एक सिडनीचा माणूस क्लॅरीच्या ट्रकमधून आला होता. एनिड टपाल घेऊन गेल्यावर त्याने विचारलं, “या बाई राहतात कुठे?”

“काळ्या बुंध्याच्या पलीकडे,” क्लॅरी म्हणाला.

तो माणूस हसत सुटला. “आम्ही सिडनीत असंच म्हणतो. माणसाचा मागमूस लागत नाही इतक्या लांबची जागा असली की काळ्या बुंध्याच्या पलीकडे. मला वाटायचं नुसती बोलायची रीत आहे. खरंच बुंधा आहे होय?”

त्या दिवशी मी पहिल्यांदा पिंपासकट ताठ झालो. मी भाषेत होतो! आणि कुठल्या मूर्खपणासाठी नव्हे. जगाची हद्द माझ्यापाशी संपते, असं सिडनीची माणसं म्हणत होती. गलाह माझ्या डोक्यावर येऊन बसले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे सुख टिकलं साधारण वर्षभर. मग क्लॅरी एका गुरुवारी ट्रकमधून उतरता उतरताच म्हणाला, “टालगाऱ्याने काय केलंय ऐकलंस का? त्यांच्या तळ्यापाशी एक बुंधा आहे, त्याच्याभोवती चुना लावलेले दगड मांडलेत आणि पाटी ठोकलीय. ‘काळा बुंधा. इथून पलीकडे जग संपतं.’”

“संपू दे,” एनिड म्हणाली. “माझं मीठ आणलंस का?”

“मीठ आणलंय. पण हे बघ, असे जळके बुंधे देशभर हजार असतील. कुणी म्हणतं गाडीवानांवरून हा शब्द आला, कुणी म्हणतं मोजणीदारांनी बुंधा धरून हद्द आखली त्यावरून. खरं कुणालाच माहीत नाही.”

हजार! मित्रांनो, तो शब्द मला कुऱ्हाडीपेक्षा खोल लागला. टालगाऱ्याचा बुंधा मी कधी पाहिलेला नाही, पाहणारही नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्यासमोर उभाच आहे. तो माझ्याहून उंच आहे का? त्याच्यावर टपालाचं पिंप आहे का? कुणाला त्याने पाण्याची वाट दाखवली? तळ्याकाठी तर तो आहे. आंधळ्यालाही तिथे पाणी सापडेल!

माझ्याइतकाच आणखी एकजण जळत होता. आमच्या कुरंबी गावात दारूचा गुत्ता चालवणारा आल्बी मॅकोर्ट. टालगाऱ्याच्या गुत्त्यापाशी आता पाटी बघायला आलेल्या मोटारी थांबू लागल्या होत्या. तेवढ्यात खबर आली की सिडनीच्या एका वर्तमानपत्राची बातमीदार बाई खऱ्या काळ्या बुंध्याचा शोध घ्यायला निघाली आहे. टालगारा बघणार, कुरंबी बघणार, आणि ज्याचा दावा पटेल त्याचा फोटो छापणार. आल्बी त्याच दिवशी मला बघायला आला. माझ्याभोवती फिरला आणि त्याचं तोंड उतरलं.

“हा तर राखाडी झालाय,” तो म्हणाला.

खरं होतं ते. इतक्या वर्षांच्या उन्हाने आणि धुळीने माझा कोळसा झिजून गेला होता. मलाच ते ठाऊक नव्हतं. मला कोण आरसा दाखवणार?

एनिड पत्रं काढत होती. “माझे केसही झालेत,” ती म्हणाली. “मला कुणी रंगवायला आलं नाही.”

“थट्टा नको, मिसेस ट्रेगीअर. गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.”

“गावाची इभ्रत तुझ्या गल्ल्यात ठेवलीय वाटतं.”

आल्बी दोन दिवसांनी परत आला तो मोटारीचं जळकं ऑइल घेऊन. अख्खा डबा त्याने माझ्या अंगावर ओतला आणि केरसुणीने घासला. मी तुकतुकीत काळा झालो. टालगाऱ्याचा बुंधा माझ्यापुढे आता पाणी भरणार, या विचाराने मला ऑइलचा वाससुद्धा गोड लागला. मग आल्बीने पिंप उखडलं. असल्या इतिहासातल्या वस्तूवर गंजकं पिंप शोभत नाही म्हणे. शेवटी सभोवती चार खांब रोवून काटेरी तार ओढली. टपाल आता कुरंबीला त्याच्या गुत्त्यात उतरवायचं, असं त्याने क्लॅरीला सांगितलं.

“आणि एनिड?” क्लॅरीने विचारलं.

“तिला काय, गाडी आहे. तीस मैल जास्त.”

त्यानंतरच्या गुरुवारी एनिड नेहमीसारखी आली. गाडीतून उतरली, तारेपाशी उभी राहिली. बहिरा कुत्रा खांब हुंगून आला. तिने चहाचा डबा गाडीत परत ठेवला आणि कुरंबीच्या दिशेने गेली. पुढे क्लॅरीने आल्बीला तोंडावर सुनावलं ते मी ऐकलं. गुत्त्यात बायांनी बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून एनिडला बाजूच्या खोलीत बसवलं होतं. तिथे एक टेबल, एक कुंडी आणि भिंत. टपाल हातात मिळेपर्यंत ती एकटी बसून राहिली. क्लॅरीला पुढच्या फेरीची घाई, तो थांबलाच नाही. तिसऱ्या गुरुवारी ती आलीच नाही. चौथ्याही नाही. तिची पत्रं गुत्त्यात साठत गेली.

मी काय करत होतो म्हणाल, तर वाट बघत होतो. बातमीदार बाईची.

ती आली तेव्हा ऊन उतरत आलं होतं. आल्बीने खास निरोप धाडून एनिडलाही बोलावून घेतलं होतं. बुंध्याच्या पलीकडे राहणाऱ्यांत तीच सगळ्यांत जुनी, म्हणजे साक्ष तिचीच. “एवढंच म्हणायचं, मिसेस ट्रेगीअर, की हाच तो. बाकी मी बघतो. नाव झालं की ही तार कायमची, वर छप्पर घालू, पाटी लावू.” एनिडने निखारे सारखे केले. ती चहा उकळत होती. मजा बघायला क्लॅरीही आला होता. गाड्यांच्या सावलीत चौघं बसली. माझ्यावर बसायची सोयच नव्हती.

बातमीदार बाई तरुण होती, पण तोंडाने गोड आणि डोळ्यांनी तिखट. तिने ऑइलचे ओघळ पाहून ठेवले होते.

“मिसेस ट्रेगीअर, तुम्ही या बुंध्याच्या पलीकडे राहता ना?”

“वीसेक मैल.”

“म्हणजे तुम्ही काळ्या बुंध्याच्या पलीकडे राहणाऱ्या.”

आल्बीची मान हलायला लागली. माझा जीव, जो काही उरला होता तो, एनिडच्या ओठांवर येऊन बसला. एक ‘हो’. पाण्याच्या गाडीला, घोड्याला, पोपटाला, टालगाऱ्याला, सगळ्यांना पुरून उरणारा एक ‘हो’.

“मी?” एनिड म्हणाली. “छे. मी घरी राहते.”

“पण काळा बुंधा—”

“तो पुढे आहे.” तिने पश्चिमेकडे हात केला. “आमच्या कुंपणाच्या पलीकडे कुठेतरी. तिकडची माणसं फार लांब राहतात, बिचारी.”

“तुम्ही पाहिलाय?”

“नाही बाई. इतक्या लांब मी कशाला जाते.”

क्लॅरीच्या नाकातून चहा आला. बातमीदार बाई हसली, लिहून घेतलं, आणि म्हणाली, “टालगाऱ्याचे एक आजोबा मात्र शपथेवर सांगत होते, त्यांचाच खरा.”

“मग तो तिथलाच असेल,” एनिड म्हणाली. “शपथेवर सांगतात म्हणजे विकायला काढलेला दिसतो.”

बाई गेली. धूळ खाली बसली. मग आल्बी म्हणाला, “एक शब्द. एक शब्द बोलायचा होता तुम्हाला.”

“मी खरं तेच बोलले. विल असताना आम्ही तिकडच्या मेंढवाड्यावर गेलो होतो एकदा. तिथल्या बाईला विचारलं, तर तिनेही पश्चिमेकडेच बोट दाखवलं. आपण पलीकडे राहतो असं कोण म्हणेल, आल्बी? माझं पिंप कुठे आहे?”

“गुत्त्याच्या मागे.”

“गुरुवारी ते इथे दिसलं पाहिजे. आणि ही तार काढ. कुत्र्याचं नाक फाडलंय तिने.”

आल्बी पुटपुटत गेला. क्लॅरी हसत गेला. मी मात्र संतापाने आतून पोखरला गेलो. जिला मी नवरी असल्यापासून बसायला जागा दिली, तिने मला भर माळावर ओळख दिली नाही! तार निघाली, पिंप परत ठोकलं गेलं, जुन्याच भोकांत नवे खिळे बसले. मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या टालगाऱ्याच्या बुंध्याकडेच तोंड करून होतो.

पुढचा गुरुवार आला. क्लॅरीने ट्रक थांबवला. पिंपात पीठ ठेवलं, पत्रं ठेवली, आणि वर्तमानपत्र उघडून एनिडसमोर धरलं. पान भरून फोटो. चुन्याचे दगड, पाटी, पाटीशेजारी छाती काढलेले आजोबा, आणि मधोमध तो.

“‘खरा काळा बुंधा सापडला,’” क्लॅरीने वाचलं. “तूही आहेस खाली. ‘कुरंबीच्या एका बाईंच्या मते तो अजून पुढे आहे.’”

एनिडने चष्मा लावून फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मीही बघितला. माझ्याहून बुटका होता. पण काळा होता, खरोखरच काळा, एका थेंबाच्या ऑइलशिवाय.

मग ती माझ्याकडे वळली. बोट लावून बघितलं. बोटाला ऑइल लागलं. तिने वर्तमानपत्र क्लॅरीच्या हातातून घेतलं, फोटोचं पान उलगडून माझ्या डोक्यावर नीट पसरलं, कडा हाताने दाबल्या, आणि त्यावर बसली.

“माझा फोटो होता ना त्यात? टालगाऱ्याला टपाल टाकायला गेलो तेव्हाचा.” क्लॅरी म्हणाला. “मी कापून ठेवणार होतो.”

“तू कोपऱ्यात होतास. मधल्यावर बसलेय मी,” एनिड म्हणाली. “आता सांग, कामातल्या चहाच्या सुट्टीला स्मोको का म्हणतात. चार गुरुवारांचं साठलंय माझ्याकडे.”

सूर्य खाली जाईपर्यंत ती बसून राहिली. उठली तेव्हा टालगाऱ्याचा बुंधा माझ्या ऑइलने पार भिजून गेला होता. कुठे दगड आणि कुठे आजोबा ते कळत नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात एवढी गोड दुपार दुसरी आली नाही.

मित्रांनो, हेवा गेला असं मी म्हणणार नाही. त्याची पाटी अजून आहे, आणि वारा तिकडून आला की मला चुन्याचा वास येतो. पण तुमच्या गावातही कुणी जुना दगड असेल, पार असेल, मोडकी गाडी असेल. त्याला मोठं करायचं मनात आलं, तर रंगाचा डबा आणि तारेचं भेंडोळं आणण्याआधी एक करा. त्याच्यावर रोज कोण येऊन बसतं, ते बघा. आणि त्या माणसाला उठवू नका. जमलं तर शेजारी तुम्हीही टेका. चहा सांडला तरी चालतो आम्हाला.